दफ्तर आणि घर: दूरस्थ कार्यालयीन कामकाज व व्हीपीएन तंत्राचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा: व्हीपीएन, दूरस्थ काम, कूटलेखन, कार्यालयीन फाइल, दफ्तर, विश्वास.

१. प्रास्ताविक

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा सर्वच कार्यालयांपुढे एक अभूतपूर्व पेच उभा राहिला. माणसे घरी होती आणि फाइली कार्यालयात होत्या. ज्या संस्थांनी व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजेच आभासी खासगी जाळे, आधीपासून उभारले होते त्यांचे काम कमीअधिक प्रमाणात चालू राहिले. ज्यांनी ते उभारले नव्हते, त्यांच्या फाइली कुलूपबंद दालनांतील संगणकांवर पडून राहिल्या. व्हीपीएन हे या जाळ्याचे संक्षिप्त नाव तोवर संगणक विभागापुरतेच मर्यादित होते. काही आठवड्यांत ते सर्वतोमुखी झाले. त्यामुळे घरबसल्या कार्यालयीन फाइल उघडण्याची सोय ही साथीच्या काळाची देणगी आहे, असा समज रूढ झाला. इतिहास मात्र निराळे सांगतो. या सोयीच्या तांत्रिक मुळाशी जायचे तर १९४० पर्यंत मागे जावे लागते, आणि तिच्यामागील सामाजिक प्रश्न तर त्याहूनही जुना आहे.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा दोन प्रश्नांच्या अनुषंगाने घेतला आहे. पहिला प्रश्न अंतराचा: दूर असलेल्या माणसापर्यंत फाइल कशी पोहोचवावी? दुसरा विश्वासाचा: फाइल मागणारा माणूस तोच आहे, हे कशावरून मानावे? पहिला प्रश्न तंत्रज्ञानाने टप्प्याटप्प्याने सोडविला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दीर्घकाळ ‘तो कोठे बसला आहे’ यावर अवलंबून ठेवले गेले. व्हीपीएनचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ याच उत्तरात आहे, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. घर आणि दफ्तर: विभागणीपूर्वीची स्थिती

कार्यालयीन कागद कार्यालयातच असावा, ही कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. मराठेशाहीत गावच्या जमीनमहसुलाचा हिशेब कुलकर्णी ठेवीत असे, आणि हे दफ्तर सामान्यतः त्याच्या घरीच असे. वतन वंशपरंपरागत असल्याने दफ्तरही वडिलांकडून मुलाकडे जाई. देशमुख, देशपांडे आणि सरदार घराण्यांचे कागदही अशाच रीतीने वाड्यांतून जपले गेले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर गावोगावच्या घरांतून रुमाल सोडवून कागद मिळविले. सरकारी कामाचा कागद घरात सापडावा यात त्या काळी काही वावगे नव्हते. तो तेथेच असे.

इंग्रजी अमलात ही स्थिती पालटत गेली. पगारी नोकर, ठरावीक वेळ, स्वतंत्र इमारत आणि क्रमांक घातलेली फाइल ही नव्या कारभाराची लक्षणे होती. कागद आता व्यक्तीचा अगर घराण्याचा राहिला नाही. तो कचेरीचा झाला. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने गोपनीय सरकारी कागद अनधिकृतपणे जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविला. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली आणि घरातील दफ्तराचा उरलासुरला कायदेशीर आधारही संपला. वरिष्ठ अधिकारी फाइल घरी नेत असले, तरी तो अपवाद होता आणि त्याची नोंद ठेवली जाई. थोडक्यात, विसाव्या शतकात भिंत हीच सुरक्षितता ठरली. कार्यालयाच्या आत असलेला तो आपला आणि बाहेर असलेला तो परका, हे सूत्र संगणक येण्यापूर्वीच पक्के झालेले होते. संगणकाने ते तसेच्या तसे उचलले.

३. दूरवरचे यंत्र: १९४० ते १९६९

दूर बसून गणकयंत्र वापरण्याचा पहिला गाजलेला प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत झाला. बेल प्रयोगशाळेतील गणिती जॉर्ज स्टिबिट्झ यांनी हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत एक टेलिटाइप यंत्र मांडले आणि त्यावरून तारेने न्यूयॉर्कमधील गणकयंत्राला उदाहरणे घातली. उत्तरे त्याच तारेने परत आली. श्रोत्यांत नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनिअॅक संगणकाच्या रचनेत सहभागी झालेले जॉन मॉक्ली हेही होते. या प्रयोगात यंत्र एकच काम करीत होते आणि समोरचा माणूस ओळखीचा होता. त्यामुळे विश्वासाचा प्रश्न उद्भवलाच नाही.

तो उद्भवला १९६० च्या दशकात, एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत सुरू झाल्यावर. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली तयार झाली. १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. अनेकांच्या फाइली एकाच यंत्रात असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र परवलीचा शब्द देणे भाग पडले. संगणकीय पासवर्डच्या प्रारंभिक वापरांपैकी हा एक होय. १९६६ मध्ये आज्ञावलीतील दोषामुळे याच प्रणालीत एक प्रसंग घडला. सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी आणि दिवसाची सूचना या दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सर्वांचे पासवर्ड उमटले. कुलपाबरोबर कुलपाची दुर्बलताही जन्माला येते, याचा हा आरंभीचा धडा होता.

मे १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातच जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी विद्यार्थ्यांसाठी अशी प्रणाली आणि तिच्यासोबत बेसिक ही भाषा सुरू केली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरील पहिला संदेश लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे धाडण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि समोरची प्रणाली बंद पडली. दूरस्थ संपर्काच्या इतिहासातील हा पहिला शब्द ‘प्रवेश मागण्याचा’ असावा, हे अर्थपूर्ण आहे.

४. घरून काम: कल्पनेचा उदय

तंत्राची वाट न पाहता घरून काम करण्याची व्यवस्था इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये उभी राहिली होती. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये बालनिर्वासित म्हणून आलेल्या स्टेफनी शर्ली यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी सुरू केली. विवाहानंतर अगर बाळंतपणानंतर नोकरी सोडाव्या लागलेल्या, परंतु संगणकाचे उत्तम ज्ञान असलेल्या स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिले. या स्त्रियांच्या घरी संगणक नव्हता. त्या कागदावर पेन्सिलीने आज्ञावली लिहीत, आणि ती पुढे यंत्रावर चढविली जाई. कॉनकॉर्ड विमानाच्या उड्डाणनोंदी करणाऱ्या यंत्रासाठीची आज्ञावली याच कंपनीने तयार केली. स्त्रीच्या सहीच्या व्यावसायिक पत्रांना उत्तर येत नाही, हे पाहून शर्ली यांनी ‘स्टीव्ह’ अशी सही करण्यास सुरुवात केली, ही बाब त्या काळावर पुरेसा प्रकाश टाकते. घरून काम ही सवलत नसून काहींसाठी काम मिळण्याचा एकमेव मार्ग असू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या कल्पनेला नाव मिळाले १९७३ मध्ये. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॅक निलिस यांनी ‘टेलिकम्युटिंग’ ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी तेलसंकट आले, आणि दररोज लाखो मोटारी एकाच दिशेने नेण्यापेक्षा काम तारेवरून नेणे स्वस्त पडेल का, हा प्रश्न ऐरणीवर आला. निलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आरंभीच्या मांडणीत प्रत्येक घरात संगणक गृहीत धरलेला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या वस्तीजवळ लहान उपकार्यालये असावीत, अशी ती योजना होती. घर हे कार्यालय होण्यास अद्याप अवकाश होता.

५. मोडेम, फाइल सर्व्हर आणि भाड्याची तार

घर आणि कार्यालय यांमध्ये तार आधीपासूनच होती, ती टेलिफोनची. परंतु अमेरिकेत टेलिफोन कंपनी स्वतःच्या यंत्राखेरीज अन्य काही तारेला जोडू देत नसे. १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने ही मक्तेदारी सैल झाली आणि मोडेमचा मार्ग मोकळा झाला. १९८१ मध्ये आलेला हेझ कंपनीचा मोडेम सेकंदाला ३०० बिट या वेगाने माहिती नेई. या वेगाने आजची एक मेगाबाइटची साधी फाइल पाठवावयाची तर सात तासांहून अधिक वेळ लागला असता. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवर हेच काम सुमारे अडीच मिनिटांत होऊ लागले. घरून फाइल उघडण्याची इच्छा आणि शक्यता यांतील अंतर या दोन आकड्यांत सामावलेले आहे.

दरम्यान कार्यालयातही बदल झाला होता. १९८० च्या दशकात स्थानिक जाळी आली. १९८३ च्या सुमारास नॉव्हेल नेटवेअर, १९८४ मध्ये सन कंपनीची एनएफएस ही फाइल वाटून घेण्याची पद्धत, यांमुळे फाइल एका माणसाच्या टेबलावरून निघून सामायिक सर्व्हरवर गेली. आता घरी नेण्याजोगी ‘एक फाइल’ उरली नव्हती. फ्लॉपीवर नकल करून नेली, तर दोन प्रती होत आणि कोणती खरी हा वाद उभा राही.

अशा नकलांचा धोका केवळ गोंधळापुरता मर्यादित नव्हता. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे प्रमुख जॉन डॉइच यांच्या घरच्या संगणकावर गोपनीय मजकूर असल्याचे डिसेंबर १९९६ मध्ये, त्यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस, उघड झाले. तोच संगणक इंटरनेटलाही जोडला जात असे. १९९९ मध्ये त्यांचा गोपनीय कागदपत्रांचा अधिकार निलंबित झाला आणि जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. संस्थेचा सर्वोच्च अधिकारीही घरी बसून काम करू इच्छितो आणि सोय नसेल तर गैरसोयीचा मार्ग काढतो, हे या प्रकरणातून दिसते.

मोठ्या संस्थांनी या अडचणीवर खासगी तारेचा उपाय योजला. दोन ठिकाणांमधील तार भाड्याने घ्यावयाची आणि तीवर अन्य कोणाचीच माहिती जाऊ द्यावयाची नाही, अशी ही पद्धत होती. भारतातील संगणक उद्योगाचा पाया अशाच खासगी जोडणीवर उभा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९८५ मध्ये बंगळूर येथे केंद्र उघडले, ते उपग्रहाच्या स्वतंत्र जोडणीच्या आधारे. पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली आणि पुणे, बंगळूर, भुवनेश्वर येथील केंद्रांतून लहान कंपन्यांनाही उपग्रहजोडणी मिळू लागली. परंतु अशी जोडणी कार्यालयाला परवडे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरापर्यंत स्वतंत्र तार टाकणे कोणालाच शक्य नव्हते.

६. आभासी खासगी जाळ्याची घडण: १९९३ ते २००१

इंटरनेटमुळे तार सर्वांची झाली. ती स्वस्त होती, परंतु तीवरून जाणारा मजकूर वाटेतील कोणालाही वाचता येण्यासारखा होता. तेव्हा सार्वजनिक तारेवरच खासगी तारेचा आभास निर्माण करावा, ही कल्पना पुढे आली. ‘आभासी खासगी जाळे’ या नावातील ‘आभासी’ या शब्दाचा अर्थ हाच.

तिचे कार्य लखोट्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. घरच्या संगणकाने कार्यालयाच्या सर्व्हरला लिहिलेले पत्र प्रथम सांकेतिक लिपीत बदलले जाते. मग ते दुसऱ्या लखोट्यात घातले जाते आणि त्यावर केवळ कार्यालयाच्या दरवाजावरील यंत्राचा पत्ता लिहिला जातो. वाटेतील टपालवाल्यांना बाहेरचा पत्ता दिसतो; आत कोणासाठी काय आहे, हे दिसत नाही. दरवाजावर बाहेरचा लखोटा फोडून आतील पत्र कार्यालयातील अंतर्गत टपालात टाकले जाते. या वेष्टनालाच तांत्रिक परिभाषेत ‘टनेल’ म्हणजे बोगदा म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी राखीव पत्त्यांची व्यवस्था प्रमाणित झाली. असे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कार्यालयातील सर्व्हरला बाहेरून थेट गाठता येत नाही. व्हीपीएन घरच्या संगणकाला असाच एक आतील पत्ता देते. घर तांत्रिकदृष्ट्या कार्यालयाचा एक कोपरा बनते.

या घडणीचे श्रेय एका व्यक्तीला देता येत नाही. सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनाची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. १९९३ मध्ये जॉन इओअॅनिडिस आणि मॅट ब्लेझ यांनी ‘स्वाइप’ ही प्रायोगिक पद्धत सादर केली. ऑगस्ट १९९५ मध्ये आयपीसेक या पद्धतीचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० मध्ये पीपीटीपी ही सोपी पद्धत अंतर्भूत होती, आणि सामान्य कार्यालयांत व्हीपीएन पोहोचले ते प्रामुख्याने तिच्यामुळे. तिचे श्रेय मायक्रोसॉफ्टमधील भारतीय वंशाचे अभियंते गुरदीप सिंग पाल यांना अनेकदा दिले जाते. जुलै १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजावर मात्र अनेक कंपन्यांतील सहा जणांची नावे आहेत आणि पाल यांचे नाव त्यांत दुसरे आहे.

सोपेपणाची किंमतही लौकरच कळली. ब्रूस श्नायर आणि मज या टोपणनावाचा तज्ज्ञ यांनी १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीतील गंभीर दोष दाखविले, आणि २०१२ मध्ये तिच्या सुधारित ओळखपद्धतीचाही भेद झाला. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन ही मुक्त आज्ञावली प्रसिद्ध केली. मध्य आशियाच्या प्रवासात परक्या सेवादारांच्या जाळ्यांतून स्वतःच्या कार्यालयाशी संपर्क ठेवताना त्यांना सुरक्षिततेची निकड जाणवली होती. म्हणजे या साधनाचा जन्म ‘मी बाहेर आहे आणि मला आत यायचे आहे’ या नेमक्या गरजेतून झाला.

७. भारतातील वाटचाल: कायदा आणि काम

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. परंतु परवान्याच्या अटींनुसार ४० बिटांपेक्षा लांब किल्लीचे कूटलेखन पूर्वपरवानगीविना वापरता येत नसे. ४० बिटांच्या किल्लीत सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता असतात. हा आकडा मोठा वाटतो. परंतु जानेवारी १९९७ मध्येच बर्कली येथील इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणकांच्या साहाय्याने अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली होती. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी १२८ बिटांच्या कूटलेखनाचा आग्रह धरला. राज्यसंस्थेला नागरिकाचे व्यवहार सुरक्षितही हवे होते आणि वाचताही यावयास हवे होते. ही विसंगती त्यानंतरही मिटलेली नाही.

वेगाचा प्रश्नही होताच. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ मानले गेले. दूरध्वनी सेवाकेंद्रे आणि बीपीओ कंपन्यांवर तर दूरसंचार विभागाच्या ‘इतर सेवा पुरवठादार’ या वर्गासाठीच्या अटी लागू होत्या. कर्मचाऱ्याला घरून काम द्यावयाचे तर अधिकृत पुरवठादाराचेच व्हीपीएन वापरणे आणि सुरक्षा ठेव भरणे आवश्यक होते. तंत्र उपलब्ध होते. घर हे कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठिकाण नव्हते. १३ मार्च २०२० रोजी साथीमुळे या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या. ५ नोव्हेंबर २०२० आणि २३ जून २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही शिथिलता कायम केली. दोन दशके न झालेला बदल सव्वा वर्षात झाला.

शासकीय कारभारात या बदलाची पूर्वतयारी निराळ्या कारणाने सुरू झाली होती. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसांचे प्राण गेले आणि असंख्य नस्त्याही जळाल्या. भिंतीआडचा कागद सुरक्षित असतो, या गृहीतकाला बसलेला तो जबर धक्का होता. राज्यकारभारात ई-ऑफिसचा आग्रह वाढला, त्यामागे या घटनेची स्मृती होती. टाळेबंदीच्या काळात, १३ मे २०२० रोजी, केंद्राच्या कार्मिक विभागाने घरून कामाविषयीचा मसुदा मंत्रालयांकडे धाडला. वर्षाला १५ दिवस घरून काम करण्याची मुभा देण्याचा विचार त्यात होता. मात्र गोपनीय फाइली घरून हाताळू नयेत, असेही त्यात नमूद होते. १९२३ च्या कायद्यातील भिंत अजून उभी होती.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी, असे निर्देश दिले. त्यामुळे काही विदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हटविले. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे बंधन लागू नाही, असा खुलासा पुढे करण्यात आला. एकाच तंत्राकडे शासनाने दोन नजरांनी पाहिले: संस्थेच्या हातात ते शिस्तीचे साधन, व्यक्तीच्या हातात संशयाचे.

८. तटबंदीचा भ्रम

व्हीपीएनने अंतराचा प्रश्न सोडविला, परंतु विश्वासाचे जुने सूत्र बदलले नाही. जो बोगद्यातून आत आला तो आपला, असे मानले गेले. किल्ल्याची तटबंदी कितीही मजबूत असली आणि चोरवाटेची किल्ली परक्याच्या हाती पडली, तर तटाचा उपयोग राहत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि ७ मे रोजी तेलवाहिनी बंद ठेवावी लागली. वापरात नसलेले, परंतु रद्दही न केलेले एक व्हीपीएन खाते हा हल्लेखोरांचा प्रवेशमार्ग होता. त्या खात्याला केवळ पासवर्ड होता. ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जात नव्हता. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तर अमेरिकी शासनाला इव्हान्टी कंपनीची व्हीपीएन यंत्रेच ४८ तासांत जाळ्यातून काढून टाकण्याचा आदेश आपल्या विभागांना द्यावा लागला. दरवाजाचे रक्षण करणारे यंत्रच दरवाजातील भगदाड ठरले होते.

या अनुभवातून दुसरी विचारधारा पुढे आली. २०१० मध्ये जॉन किंडरवाग यांनी ‘झीरो ट्रस्ट’ म्हणजे शून्य विश्वास ही संकल्पना मांडली. २००९ च्या सायबर हल्ल्यानंतर गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘बियाँडकॉर्प’ ही रचना विकसित केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. कर्मचारी कार्यालयात बसला आहे की घरी, यावर तिच्यात काहीच अवलंबून नाही. प्रत्येक फाइलसाठी प्रत्येक वेळी माणसाची आणि त्याच्या यंत्राची ओळख तपासली जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये या विचाराला अधिकृत दस्तऐवजाचे रूप दिले. व्हीपीएनही याच काळात सुधारत होते. जेसन डोनेनफेल्ड यांची, सुमारे चार हजार ओळींत मावणारी वायरगार्ड ही आज्ञावली मार्च २०२० च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. परंतु मूलभूत बदल विचारात झाला होता: विश्वास स्थळावरून व्यक्तीकडे सरकला.

महाविद्यालयीन अध्यापकांना हे स्थित्यंतर ग्रंथालयाच्या अनुभवातून परिचित आहे. संशोधनपत्रिका पूर्वी केवळ संस्थेच्या आवारातील संगणकावरच उघडत असत. वाचक कोण, यापेक्षा संगणक कोठे, हे पाहिले जाई. २०१० मध्ये इन्फ्लिबनेटने महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट योजना सुरू केली आणि अध्यापकाला स्वतःच्या नावाने व पासवर्डने घरूनही तेच साहित्य वाचता येऊ लागले. प्रवेशाचा अधिकार इमारतीकडून माणसाकडे आला.

९. घराच्या बाजूने पाहता

आतापर्यंतचा इतिहास कार्यालयाच्या बाजूने लिहिलेला आहे: फाइल बाहेर जाता कामा नये, परका आत येता कामा नये. परंतु बोगद्याला दोन टोके असतात. कार्यालयाची फाइल घरी येते तेव्हा तिच्यासोबत कार्यालयाची वेळ, देखरेख आणि अपेक्षाही घरी येतात. कूटलेखनाने फाइलीचे रक्षण होते. कर्मचाऱ्याच्या संध्याकाळचे रक्षण करणारी तशी कोणतीच व्यवस्था त्यात नाही. फ्रान्सने २०१६ च्या कामगार कायद्यात ‘संपर्कमुक्तीचा हक्क’ अंतर्भूत केला आणि १ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. शर्ली यांच्या कंपनीतील स्त्रियांना घरामुळे काम मिळाले होते. टाळेबंदीत अनेक स्त्रियांना घर आणि कार्यालय ही दोन्ही कामे एकाच खोलीत, एकाच वेळी करावी लागली. एकच तंत्र मुक्तीचे आणि ओझ्याचे कारण ठरू शकते. फरक पडतो तो वेळेवर कोणाचा अधिकार आहे यामुळे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घरून कार्यालयीन फाइल पाहण्याची सोय साथीने निर्माण केली नाही. तंत्र १९९० च्या दशकातच तयार होते. साथीने बदलली ती संस्थांची आणि कायद्याची दृष्टी.

२) व्हीपीएन हे खासगी तारेला मिळालेले स्वस्त पर्यायी रूप होते. त्यामुळे ‘आत तो आपला, बाहेर तो परका’ हे खासगी तारेचे गृहीतकही त्याच्यासोबत आले, आणि त्याच्या प्रमुख दुर्बलतेचे मूळ त्या गृहीतकात आहे.

३) किल्लीची लांबी, सुरक्षा ठेव आणि ग्राहकांच्या नोंदी यांविषयीच्या भारतीय नियमांवरून असे दिसते की, तंत्राचा प्रसार केवळ त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही, राज्यसंस्था कोणावर किती विश्वास टाकते यावरही तो ठरतो.

४) कुलकर्ण्याच्या घरातील दफ्तर कचेरीत गेले आणि शतकभराच्या आत ते पुन्हा घराकडे वळले आहे. फरक एवढाच की, कुलकर्ण्याच्या दफ्तरावर त्याचा वतनाचा हक्क होता आणि दिवसाच्या वेळेवरही त्याचेच स्वामित्व होते. आजच्या कर्मचाऱ्याच्या घरात फाइल येते, परंतु फाइलही त्याची नसते आणि वेळही पूर्णतः त्याची उरत नाही. फाइल कोणी उघडावी, याचे नियम तंत्रज्ञांनी बऱ्याच अंशी घालून दिले आहेत. ती केव्हा मिटावी, याचा नियम समाजाने अद्याप केलेला नाही.